बोट का लागते? एका जुन्या दुखण्याचा इतिहास

डिसेंबरमधली गोष्ट आहे. ओपीडी संपत आली होती. शेजारच्या तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी समोर बसले होते. बीपी आणि प्रोस्टेटसाठी ते बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे येतात. त्या दिवशी बीपी ठीक, शुगर ठीक, तरी गुरुजी खुर्चीवरून उठेनात. शेवटी हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक सर्टिफिकेट पाहिजे होतं जी. प्रकृतीच्या कारणाने समुद्रप्रवास करू नये, असं लिहून द्या."

मी विचारलं, तेव्हा सगळी कहाणी बाहेर आली. मुलगा सिंगापूरला नोकरीला आहे. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून थायलंडच्या बेटांमध्ये सहा दिवसांसाठी एक शिडाची बोट चार्टर केली होती. चार्टर म्हणजे आपण लग्नाला ड्रायव्हरसकट गाडी ठरवतो ना, तसंच. बोट आपली, कप्तान त्यांचा. दिवसा या बेटावरून त्या बेटावर जायचं आणि रात्री बोटीतच झोपायचं. आईवडिलांची तिकिटंही काढून झाली होती. आणि गुरुजींना लहानपणापासून गाडी लागते. साकोलीहून नागपूरला एसटीने जायचं तरी खिशात लिंबू आणि कॅरीबॅग. "पोरानं एवढा पैसा लावला, आन् मी नातीसमोर सहा दिवस ओकत बसू का? त्यापेक्षा बीपीचं कारण बरं."

मी सर्टिफिकेट दिलं नाही. गुरुजींना थोडा वेळ बसवून घेतलं आणि जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतो, जरा विस्ताराने. कारण आता भंडाऱ्याहूनही बरेच लोक समुद्रावर जाऊ लागले आहेत. अंदमानला जाणारे ग्रुप तर दर हिवाळ्यात असतात. आधी विमान, मग पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला बोट. (दोन्हींची नावं आता बदलली आहेत. पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं. पेशंट मात्र अजून हॅवलॉकच म्हणतात.) निघण्याच्या आदल्या दिवशी ते येतात आणि उभ्या उभ्या म्हणतात, "उलटीची गोळी लिहून द्या." कोणती गोळी, कधी घ्यायची आणि कुणी घ्यायची नाही, हे दारात उभं राहून सांगता येत नाही.

आधी शब्दाकडे बघा. मराठीत आपण "मला गाडी लागते", "मला बोट लागते" असं म्हणतो. ऊन लागतं, थंडी लागते, नजर लागते, तशीच बोट लागते. म्हणजे दोष बोटीकडे, माणसाकडे नाही. हा शब्द मला फार आवडतो, कारण शास्त्र दोन हजार वर्षं चाचपडून शेवटी साधारण तिथेच पोहोचलं. इंग्रजीतल्या "नॉशिया" या शब्दाचं मूळ ग्रीक "नाउस" मध्ये आहे, आणि नाउस म्हणजे जहाज. मळमळीचं नावच जहाजावरून पडलेलं आहे. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांमध्येही एक उल्लेख आहे, की हालचालीने शरीरात बिघाड होतो हे समुद्रप्रवासावरून दिसतं.

आपल्याकडे हे दुखणं सगळ्यात जास्त भोगलं ते कोकणी माणसाने. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी, मालवण, गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटींचा एक मोठा काळ होऊन गेला. पुष्कळ बंदरांना नीट धक्काही नव्हता. आगबोट खोल पाण्यात थांबायची आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची. म्हणजे आधी पडाव लागायचा, मग बोट. डेकवर पथारी पसरून रात्र काढायची, लिंबू हुंगायचं, आमसूल चघळायचं आणि किनारा कधी दिसतो याची वाट पाहायची. पावसाळ्यात ही वाहतूक बंदच असे. आपण विदर्भातले लोक या बाबतीत भाग्यवान म्हणायचो. आपलं पाणी म्हणजे वैनगंगा आणि तलाव. डोंग्यात बसून कुणाला ओकारी झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तलावाच्या पाण्याला लाट कुठली!

गुरुजींना वाटत होतं की बोट लागणं हे भित्र्या किंवा नाजूक माणसाचं लक्षण आहे. म्हणून मी त्यांना दोन नावं सांगितली. पहिलं ॲडमिरल नेल्सनचं. इंग्लंडच्या आरमाराचा हा सगळ्यात गाजलेला सेनापती बारा वर्षांचा असताना समुद्रावर गेला आणि १८०५ मध्ये ट्रॅफल्गारच्या लढाईत जहाजावरच मेला. त्याच्या आदल्या वर्षीच त्याने एका पत्रात लिहिलं होतं, की जोराचा वारा सुटला की मला दर वेळी त्रास होतो, या पेशावरचं प्रेम नसतं तर मी एक तासही समुद्रावर थांबलो नसतो. म्हणजे तीसपेक्षा जास्त वर्षांच्या नोकरीनंतरही त्याची बोट लागायची थांबली नव्हती.

दुसरं नाव चार्ल्स डार्विन. २७ डिसेंबर १८३१ ला "बीगल" जहाजाने इंग्लंड सोडलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. पहिल्याच आठवड्यात त्याचे इतके हाल झाले की बिस्किटं आणि मनुका याशिवाय काही पोटात टिकेना. दोन वर्षांचा म्हणून ठरलेला प्रवास ऑक्टोबर १८३६ पर्यंत, जवळजवळ पाच वर्षं चालला. आणि शेवटपर्यंत त्याला त्रास होत राहिला. पण एक गंमत बघा. या पाच वर्षांतला दीड वर्षाच्या आसपासचाच काळ त्याने समुद्रावर काढला, बाकीचा जमिनीवर. संधी मिळाली की तो उतरायचा. घोड्यावरून, पायी शेकडो मैल हिंडायचा, दगड आणि प्राणी गोळा करायचा. त्याला बोट लागली नसती तर तो इतका उतरला असता का, असा विचार माझ्या मनात येतो. हा माझा तर्क आहे, इतिहास नाही.

एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजं आली, सामान्य माणूस समुद्रावर जाऊ लागला आणि उपायांचं पेव फुटलं. डॉक्टरांचा समज असा की बिघाड पोटात आहे. आतडी हलतात, जठर हेलकावे खातं, म्हणून उलटी होते. मग पोट घट्ट बांधायचे पट्टे आले. लंडनच्या जॉन चॅपमन नावाच्या डॉक्टरने १८६० च्या दशकात पाठीच्या कण्यावर बर्फाची पिशवी बांधायचा उपाय काढला आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये डॉक्टर व्हायला कोलकात्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्या लांबच्या प्रवासातही जहाजावरच्या कोणाकडेच या दुखण्यावर खात्रीचं म्हणावं असं एकही औषध नव्हतं.

या सगळ्या उपायांत मला सगळ्यात आवडतो तो हेन्री बेसेमरचा. बेसेमर म्हणजे स्वस्त पोलाद बनवण्याची पद्धत शोधणारा माणूस. त्या पोलादाला मँगनीज लागतं, आणि आपल्या तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी मँगनीजच्याच, तेव्हा हा माणूस आपल्याला अगदीच परका नाही. १८६८ मध्ये फ्रान्सहून इंग्लंडला येताना त्याला बोट अशी काही लागली की त्याने ठरवलं, हा प्रश्न मीच सोडवतो. इंजिनिअर माणूस! त्याने एक आख्खं जहाज बांधवलं. त्याच्या मधोमध एक मोठं, सजवलेलं दालन टांगलं. जहाज डाव्या-उजव्या बाजूला कललं तरी दालन सरळ राहावं, म्हणून खाली पाण्याच्या दाबावर चालणारी यंत्रणा बसवली. एक माणूस पाणसळीकडे बघत बसणार आणि दालन सरळ ठेवत राहणार. मे १८७५ मध्ये पाहुण्यांना घेऊन जहाज निघालं ते दालन न हलवताच, आणि फ्रान्सच्या कॅले बंदरात शिरताना धक्क्यालाच जाऊन धडकलं. धक्क्याचा बराच भाग पडला. लोकांचा विश्वास उडाला, कंपनी बुडाली. ते सुंदर दालन पुढे एका बागायतीच्या कॉलेजात व्याख्यानाची खोली म्हणून वापरलं गेलं. तिथे कुणाला बोट लागली नसावी.

बेसेमरची कल्पना चालली असती का? फारशी नाही. त्याने बाजूला कलणं थांबवलं असतं. पण पोटात खड्डा पडतो तो जहाज वर-खाली होतं तेव्हा. १९७० च्या दशकात अमेरिकेत यंत्रावर माणसं बसवून याचा नीट अभ्यास झाला. सगळ्यात वाईट हालचाल कोणती? सावकाश वर-खाली होणारी, साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा. मोठ्या लाटेवरची बोट नेमकी अशीच हलते. मऊ स्प्रिंगची गाडी वळणावळणाच्या रस्त्यावर काहीशी अशीच डुलते. उंटही असाच. याउलट घोडा किंवा आपली बैलगाडी हाडं खिळखिळी करते, पण ते धक्के इतके भरभर असतात की मळमळ होत नाही. गुरुजींना हे फार पटलं. "खरं आहे जी, छकड्यात कधीच नाही झाली."

आता खऱ्या गुन्हेगाराकडे येऊ. तो पोटात नाही, कानात आहे.

आपल्या आतल्या कानात ऐकण्याच्या भागाला लागूनच तोल सांभाळणारा भाग आहे. द्रवाने भरलेल्या तीन बारीक अर्धगोल नळ्या, आणि शेजारी चुन्याचे सूक्ष्म खडे असलेल्या दोन पिशव्या. डोकं वळलं की नळ्यांतला द्रव मागे राहतो. गाडी सुटली, लिफ्ट वर गेली की खडे सरकतात. त्यावरून मेंदूला कळतं की आपण हललो. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये फ्लुरांसने कबुतरांच्या या नळ्या कापून पाहिल्या, तर पाखरं गोल गोल फिरू लागली. १८६१ मध्ये पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएरने दाखवलं की भोवळीचा आजार कानातून येऊ शकतो. त्याआधी असे पेशंट मेंदूचे किंवा फिट्सचे म्हणून गणले जात. आजही ओपीडीत आपण "मेनिएरचा आजार" म्हणतो तो त्याच्याच नावाचा.

पण बोटीचा आणि कानाचा संबंध कसा कळला? कर्णबधिर लोकांमुळे. अमेरिकेतल्या विल्यम जेम्सने १८८२ मध्ये पाचशेहून जास्त कर्णबधिर व्यक्तींची माहिती जमवली. गोल गोल फिरवलं तरी त्यातल्या अनेकांना चक्कर येतच नव्हती. आणि चक्कर न येणाऱ्यांपैकी जे समुद्रावर जाऊन आले होते, त्यांना बोट लागत नव्हती. याचा पक्का पुरावा मिळाला तो १९५० च्या दशकाच्या शेवटी. माणूस अंतराळात गेला तर त्याच्या शरीराचं काय होईल, हे अमेरिकेच्या नौदलाला आणि नासाला बघायचं होतं. त्यांनी कर्णबधिरांच्या गॅलॉडेट कॉलेजातले अकरा पुरुष निवडले. एक सोडून बाकी सगळ्यांची ऐकण्याची शक्ती लहानपणी मेंदूज्वराने गेली होती, आणि त्याच आजारात तोल सांभाळणारा भागही निकामी झाला होता. त्यांना फिरत्या खोलीत दिवसच्या दिवस ठेवलं, विमानातून गोते खायला लावले. एकदा कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ, खवळलेल्या समुद्रात बोटीवर नेलं. हे लोक आरामात पत्ते खेळत बसले. संशोधकांना मात्र बोट अशी लागली की प्रयोगच थांबवावा लागला!

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्याचा आतला कान शाबूत आहे त्याला, समुद्र पुरेसा खवळला तर, बोट लागू शकते. कुणाला लवकर, कुणाला उशिरा. ती लागते म्हणजे कान काम करतोय. मेंदूला दोन बातम्या येतात. बोटीच्या खोलीत बसलं की डोळे म्हणतात, समोरची भिंत स्थिर आहे, आपण हलत नाही. कान म्हणतो, आपण सारखे हलतोय. बातम्या जुळत नाहीत. १९७५ च्या सुमारास रीझन आणि ब्रँड या दोघांनी हा विचार नीट मांडला आणि तो आजही बऱ्यापैकी टिकून आहे. पण बातम्या जुळल्या नाहीत तर उलटी कशाला? १९७७ मध्ये ट्रीझमनने एक तर्क मांडला. निसर्गात डोळे आणि कान यांचा मेळ बिघडतो तो बहुतेक विष पोटात गेल्यावर. मेंदूला वाटतं, काहीतरी विषारी खाल्लं, बाहेर काढा. हा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. धोतऱ्याचं बी खाल्लेला पेशंट ज्याने पाहिलाय त्याला मात्र तो पटकन पटतो.

धोतऱ्याचं नाव आलंच आहे तर औषधांकडे वळू. धोतरा आणि खुरासनी ओवा या झाडांमध्ये हायोसिन नावाचं द्रव्य असतं, त्यालाच स्कोपोलामिनही म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात सैन्य बोटीतून शत्रूच्या किनाऱ्यावर उतरवायचं होतं. उतरताना अर्धे सैनिक ओकत असतील तर ते लढणार काय? म्हणून या द्रव्याच्या गोळ्यांवर बरंच काम झालं. जून १९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्याला बोट लागू नये म्हणून गोळ्या वाटल्या होत्या. तरी त्या दिवशी समुद्र असा होता की पुष्कळांचे हाल झालेच. पुढे याच औषधाची कानामागे चिकटवायची पट्टी निघाली, ती तीन दिवस चालते. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये ती सहसा मिळत नाही. आणि म्हणून कुणी धोतऱ्याचा प्रयोग घरी करू नये, हे सांगायची गरज नसावी. औषध आणि विष यांच्यात तिथे फार थोडं अंतर आहे.

एक घोळ मात्र नेहमी होतो. पोटातल्या कळीसाठी मिळणारी "हायोसिन ब्युटिलब्रोमाइड" ही गोळी, जिला बरेच जण बुस्कोपॅन म्हणून ओळखतात, ती वेगळी. ती मेंदूपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. नाव सारखं बघून बोटीसाठी घेतलीत तर काही उपयोग नाही.

दुसरं औषध सापडलं ते अपघातानेच. १९४७ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गे आणि कार्लिनर या डॉक्टरांकडे अंगावर पित्त उठणारी एक गरोदर बाई येत होती. त्यांनी तिला ॲलर्जीची एक नवी गोळी दिली. ती पुढच्या वेळी आली तेव्हा म्हणाली, ट्राममध्ये बसले की मला नेहमी मळमळायचं, या गोळीने ते थांबलं. डॉक्टरांनी हे कानाआड केलं नाही, हे त्यांचं मोठेपण. १९४८ च्या हिवाळ्यात "जनरल बॅलू" या जहाजाने न्यूयॉर्कहून जर्मनीला निघालेल्या हजारावर सैनिकांवर त्यांनी चाचणी घेतली. काहींना खरी गोळी, काहींना साखरेची. फरक स्पष्ट दिसला. ती गोळी म्हणजे डायमेनहायड्रिनेट, "ड्रामामाइन" या नावाने जगभर गेलेली. आपल्याकडे जास्त चालणाऱ्या प्रोमेथाझिन (ॲव्होमिन) आणि सिनॅरिझिन याही ॲलर्जीच्या औषधांच्याच गोतावळ्यातल्या.

आता ओपीडीत मला रोज दिसणारी चूक. गुरुजींच्या खिशात त्या दिवशी ऑनडॅनसेट्रॉनच्या गोळ्यांची पट्टी होती, कुणा नातेवाइकाने दिलेली. ही गोळी उत्तम आहे, पण कशासाठी? कॅन्सरच्या औषधांमुळे होणारी उलटी, ऑपरेशननंतरची उलटी, लहान मुलांची जुलाब-उलटी. बोट किंवा गाडी लागण्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण ती उलटी वेगळ्या वाटेने येते. डोमपेरिडोनचंही तेच. "उलटीची गोळी" असं काही एक औषध नसतं. कोणती उलटी, हे बघावं लागतं.

दुसरी चूक वेळेची. मळमळ सुरू झाली की जठराचं काम जवळजवळ थांबतं. गोळी तिथेच पडून राहते आणि पुढच्या उलटीबरोबर बाहेर येते. म्हणून गोळी बोट सुटण्याआधी एक-दोन तास, आणि पहाटेची बोट असेल तर आदल्या रात्री. मालवाहू जहाजांवरच्या आणीबाणीच्या तराफ्यांतसुद्धा प्रत्येक माणसासाठी निदान ४८ तास पुरतील एवढ्या या गोळ्या आणि एक पिशवी ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. कारण तराफ्यावर उलट्या होऊन शरीरातलं पाणी संपलं तर बुडण्याआधीच माणूस जायचा.

तिसरी गोष्ट, कुणी सांभाळून राहायचं. या गोळ्या झोप आणतात, तोंड कोरडं करतात, आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडकवू शकतात. काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्याचा दाब एकदम वाढू शकतो. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या बाळाला अजिबात द्यायची नाही, श्वास मंदावण्याचा धोका असतो. (एवढ्या लहान बाळांना बोट सहसा लागतही नाही. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना सगळ्यात जास्त लागते.) गोळी घेऊन दारू प्यायची नाही, आणि त्या दिवशी स्कूबाही नाही. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना उलट्या लागल्या आणि जेवण झालं नाही, तर काय करायचं हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

गुरुजींचा प्रश्न नेमका इथेच होता. समुद्राच्या मध्यात रात्री लघवी अडकली तर नळी घालायला कोण येणार? म्हणून त्यांना मी सिनॅरिझिनचा कमी डोस दिला आणि एका रविवारी घरीच घेऊन बघायला सांगितला. दिवसभर लघवी कशी होते, झोप किती येते, बीपी काय, हे लिहून आणायचं. सोमवारी वहीचं पान घेऊन आले, शाळेच्या हजेरीसारखं रकाने पाडलेलं. लघवीला अडचण आली नव्हती. दुपारी दोन तास झोप लागली होती, "पण ती रोजच लागते." आल्याबद्दलही त्यांनी विचारलं. डेन्मार्कमध्ये १९८८ मध्ये नौदलाच्या ८० शिकाऊ खलाशांवर आल्याच्या भुकटीची चाचणी झाली होती आणि उलट्या कमी झाल्या होत्या. बाकीचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. नुकसान काही नाही, तेव्हा आलेपाक न्यायला माझी हरकत नव्हती.

मग बोटीवर वागायचं कसं, ते. खाली खोलीत कमीत कमी जायचं. बोटीच्या मधोमध बसायचं, तिथे हेलकावा कमी असतो. मोबाइल आणि पुस्तक बंद. नजर लांब क्षितिजावर, म्हणजे डोळे आणि कान एकच बातमी देतात. फारच झालं तर उताणं पडून डोळे मिटायचे. आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे सुकाणू हातात घेणं. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. पुढची लाट कधी येणार हे मेंदूला आधीच ठाऊक असतं. शिडाच्या बोटीवरचे कप्तान म्हणूनच पांढऱ्या पडलेल्या पाहुण्याला थोडा वेळ चाकावर उभं करतात.

आणि एक धोक्याची सूचना. उलटी आली म्हणून रात्री एकटं कठड्याशी जाऊन वाकायचं नाही. माणूस पाण्यात पडतो तो असाच. लाइफ जॅकेट घाला, कुणालातरी हाक मारा आणि बादलीत ओका. लाज कसली?

या त्रासाची एक चांगली बाजू आहे. मेंदू शिकतो. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते. समुद्रावरचे लोकही किनाऱ्यावर बराच काळ राहून परत गेले की पहिले दिवस कुरकुरत काढतात. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला, समुद्रापासून लांब राहिले. तिथून त्यांनी भारतीय माणसाने एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना पुढे रेटली. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी "म्हादेई" बांधली, सुमारे १७ मीटर लांब, म्हणजे एसटीच्या दीडपट. तिच्यातून दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० ला परत आले. पुढे २०१७-१८ मध्ये "तारिणी" बोटीतून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी प्रदक्षिणा केली. त्यांच्या कप्तान वर्तिका जोशी उत्तराखंडच्या, म्हणजे आपल्यासारख्याच समुद्र नसलेल्या मुलखातल्या. सहा दिवसांच्या सहलीत मात्र अडचण अशी, की सवय होईपर्यंत निम्मी सहल संपलेली असते. म्हणून मी गुरुजींच्या मुलाला फोनवर सांगितलं, पहिल्या दिवशी बेटांच्या आडोशाने थोडंच अंतर कापा, मोकळ्या समुद्रातला लांबचा टप्पा चौथ्या दिवशी ठेवा. कप्तानाने ते लगेच मान्य केलं.

गुरुजी गेले. पहिल्या दिवशी दोनदा उलटी झाली. नातीने बादली धरली आणि नंतर तिलाच झाली, तेव्हा गुरुजींनी धरली. तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्धा तास चाक हातात घेतलं. त्याचा फोटो आता त्यांच्या मोबाइलवर आहे आणि मला तो तीन वेळा दाखवून झाला आहे.

परत आल्यावर दुसऱ्याच सकाळी त्यांचा फोन आला, आवाज घाबरलेला. "डॉक्टरसाहेब, घरची फरशी हलून राहिली जी. न्हाणीत भिंत धरावी लागते. बीपी त नाही ना?" बीपी मोजायला सांगितलं, नॉर्मल होतं. हात-पाय, बोलणं, दिसणं सगळं ठीक होतं. समुद्राची सवय झालेला मेंदू जमिनीवर आल्यावरही एक-दोन दिवस बोटीवरच असतो. त्याला औषध लागत नाही. चालत राहायचं, आणि न्हाणीत जाताना आधार घ्यायचा. महिनाभर टिकलं तर मात्र दाखवायचं. आणि चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी पडली, एकाचे दोन दिसू लागले किंवा जोरात डोकं दुखलं, तर बोटीला दोष देत घरी बसायचं नाही, ताबडतोब दवाखाना. गुरुजींची फरशी तिसऱ्या दिवशी थांबली.